संभाषणाचे एकशेवीस तास

पुणे शहरात इंग्रजी बोलायला शिकण्यासाठी आलेल्या परदेशी व्यक्तीने, आपल्याशी कोणीतरी इंग्रजीत बोलावं अशी अपेक्षा करणं बेकायदेशीर नाही. मात्र ही अपेक्षा विहित नमुन्यात, दोन प्रतींत आणि अलीकडे काढलेल्या छायाचित्रासह करावी लागते. न्गुयेन थी होआ हिला हे व्हिएतनाममध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

होआ दा नांग नावाच्या समुद्रकाठच्या शहरात एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम करायची. तिची आई त्याच हॉटेलात बावीस वर्षं खोल्या आवरत होती. अलीकडे तिथे भारतातून सहली येऊ लागल्या, तेव्हा मालकांनी शांतपणे विचार केला. पाहुणे भारतातले, भारतातले लोक परदेशात इंग्रजी बोलतात, तेव्हा भारताचं इंग्रजी भारतातच जाऊन शिकलेली मुलगी स्वागतकक्षात हवी. जागा एकच होती. एक जूनच्या आत होआने इंग्रजी संभाषणाचं प्रमाणपत्र आणलं तर ती जागा तिची, नाही आणलं तर मालकांच्या पुतणीची. पुतणीलाही इंग्रजी येत नव्हतं, पण पुतणी असल्याचं प्रमाणपत्र लागत नाही.

म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होआ बुधवार पेठेतल्या 'वाग्विलास इंग्लिश स्पीकिंग अकॅडमी'च्या जिन्याखाली उभी होती. अकॅडमी विजेच्या सामानाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती : 'इंग्रजी बोला, बिनधास्त!' अर्ध्या जिन्यात दुसरी : 'जिन्यात बोलत उभे राहू नये. खालच्या दुकानदारास त्रास होतो.' दारावर तिसरी : 'वर्गात बोलू नये.' आणि त्याखाली, शाई थोडी ताजी असलेली चौथी : 'चौकशी सायंकाळी ५ ते ६. या वेळेत सर नसतात.'

संचालक दिग्विजय सर त्या दिवशी चुकून होते. त्यांनी आपल्या मोबाइलला मराठीत सांगितलं, होआने आपल्या मोबाइलला व्हिएतनामीत सांगितलं, आणि दोन्ही मोबाइल एकमेकांशी बोलले. संभाषण उत्तम झालं. अकॅडमीच्या इतिहासात इतकं सुरळीत संभाषण त्यापूर्वी झालेलं नव्हतं.

"आडनाव शेवटी लिहा," सरांनी प्रवेशअर्ज पाहून सांगितलं.

"आमच्याकडे आडनाव आधी असतं," होआच्या मोबाइलने कळवलं.

"तुमच्याकडे असेल. अर्जात शेवटी असतं. आणि सध्या तुम्ही अर्जात आहात."

राहण्याची सोय विश्रांतवाडीत कौशल्याबाई वाघमारे यांच्याकडे झाली. कौशल्याबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची संभाषणं जोडून दिली होती. आता यजमान नव्हते आणि मुलगी बंगळूरूत दिवसभर मीटिंगमध्ये असायची. त्यांच्या हॉलमधल्या बुद्धमूर्तीपुढे होआने आल्या आल्या गुडघे टेकून नमस्कार केला, आणि भाडं ठरायच्या आधी खोली ठरली. कौशल्याबाईंनी एकच अट घातली : घरात फक्त इंग्रजीत बोलायचं. त्यात त्यांचाही सराव होणार होता. दहा वर्षांपूर्वी त्यांनी 'वाग्विलास'चंच प्रमाणपत्र मिळवलं होतं आणि ते फ्रेम करून फ्रिजच्या वर लावलं होतं. वापरायची संधी तेवढी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." थोडा विचार करून म्हणाल्या, "टी?"

"येस," होआ म्हणाली.

पुढचे सात आठवडे त्या घरात याहून अधिक काही बोललं गेलं नाही.

वर्गात चाळीस विद्यार्थी होते आणि सूचनेप्रमाणे कोणीही बोलत नव्हतं. सर फळ्यापाशी उभे राहून संभाषण लिहून देत.

"संवाद क्रमांक चौदा. रेल्वे चौकशी खिडकी. लिहा. 'एक्स्क्यूज मी सर, व्हेन डझ द नेक्स्ट ट्रेन टु सोलापूर लीव्ह?' प्रश्नचिन्ह विसरू नका. बोलण्यात त्याचेच मार्क असतात. घरी जाऊन पाच वेळा लिहून काढा, म्हणजे तोंडात बसेल."

होआच्या शेजारी आनंद मेश्राम बसायचा. तो मूळचा चंद्रपूरचा, हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला. आठ महिन्यांत कंपनीच्या मीटिंगांमध्ये तो फक्त 'यू आर ऑन म्यूट' हे वाक्य बोलला होता आणि तेवढ्यावर त्याला एक पगारवाढही मिळाली होती. पुढच्या वाढीसाठी दुसरं वाक्य आवश्यक असल्याचं त्याला कळवण्यात आलं होतं.

अकॅडमीने शब्दसंग्रहाची पुस्तिका दिली. त्यात तीन हजार इंग्रजी शब्द होते आणि प्रत्येकापुढे त्याचा मराठी अर्थ. होआने हात वर केला. वर्गात हात वर होण्याची ती पहिलीच वेळ असल्यामुळे सरांना आधी वाटलं, पंख्याबद्दल तक्रार असावी.

आनंदने उभं राहून अडचण सांगितली. "सर, तिला मराठी येत नाही. अर्थच समजून नाही राहिला."

"अर्थ दिलेला आहे," सर म्हणाले.

"मराठीत आहे ना, सर."

"मग आधी मराठी शिकायला सांगा. पाया पक्का नको? इंग्रजी काय, मागाहून येतंच."

याप्रमाणे होआने इंग्रजीसाठी मराठी शिकायला सुरुवात केली. ती सकाळी पुस्तिकेतली उजवीकडची बाजू पाठ करी आणि संध्याकाळी कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या चंद्रभागाबाईंकडे वापरून पाही. पुस्तिकेतला मराठी शब्द कळला की त्याच्या डावीकडे इंग्रजी शब्द आहे हेही कळत असे. पण तोवर भाजी घेऊन झालेली असे.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला सरांनी तिच्या हाती निळ्या पुठ्ठ्याची नोंदवही ठेवली. प्रमाणपत्र हल्ली अकॅडमी देत नसून 'संभाषण प्रमाणन मंडळ' देतं, आणि मंडळाच्या नियम सातप्रमाणे परीक्षार्थीने इंग्रजी बोलणाऱ्या व्यक्तींशी एकशेवीस तास संभाषण केल्याची सहीनिशी नोंद लागते. नियमाखाली बारीक अक्षरात व्याख्या होती : 'संभाषण म्हणजे दोन किंवा अधिक व्यक्तींनी आळीपाळीने बोलणे. एकच व्यक्ती बोलत राहिल्यास ते भाषण समजण्यात येईल व वजा करण्यात येईल.'

"हे तास वर्गात होणार का, सर?" आनंदने दोघांच्या वतीने विचारलं.

"वर्गात कसं शक्य आहे? वर्गात शांतता लागते. बाहेर करा. पुणं एवढं मोठं शहर आहे, सगळे सुशिक्षित आहेत."

होआने सुरुवात खालच्या मजल्यावरून केली. विजेच्या सामानाच्या दुकानदारांना तिने विचारलं, "अडॅप्टर?"

"नो."

"टुमॉरो?"

"नो."

तास भरायचा असल्याने तिने संवाद क्रमांक दोन वापरला. "हाउ आर यू, सर?"

दुकानदारांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "व्हाय?"

एकूण वेळ नऊ सेकंद. नोंदवहीत सही करायला त्यांनी नकार दिला. सही कुठेही करायची नाही, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

दुकानांबाहेरचे नागरिक मात्र अत्यंत उत्साही निघाले. होआला पाहताच बसमध्ये, बागेत, देवळाच्या रांगेत लोक आपण होऊन पुढे येत. प्रत्येक जण पाच प्रश्न विचारी : कुठला देश, भारत आवडला का, जेवण तिखट लागतं का, लग्न झालं का, आणि 'वन सेल्फी?' सहावा प्रश्न कोणाकडेही नव्हता. पाचव्यानंतर दोन्ही बाजू हसत उभ्या राहत आणि मग बस येई. सरासरी एक मिनिट पन्नास सेकंद. त्यातले सेल्फीचे पंधरा सेकंद वजा करावे लागत, कारण त्या वेळी दोन्ही पक्ष दात दाखवून गप्प असतात.

महिनाअखेर आनंदने हिशेब करून दिला. एकसष्ट व्यक्ती, एक तास छत्तीस मिनिटं. या गतीने एकशेवीस तास सहा वर्षं तीन महिन्यांनी पूर्ण होणार होते.

"एक जून," होआ म्हणाली. तोवर तिला तेवढं मराठी येत होतं.

"हाव ना," आनंद म्हणाला. "मी बोललो असतो तुझ्याशी इंग्रजीत, पण मलेच येऊन नाही राहिलं."

त्या रात्री होआने आईला फोन केला. आईने सांगितलं, पुतणी आतापासूनच स्वागतकक्षातल्या खुर्चीवर बसून पाहते. उंची बरोबर आहे का बघत होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रांतवाडीतल्या घरात गीझर चालू राहिला.

कौशल्याबाई वीस मिनिटं शब्द शोधत होत्या. त्यांना 'गीझर' आणि 'ऑफ' हे दोन्ही शब्द येत होते, पण त्या दोन शब्दांत त्यांचं जे म्हणणं होतं ते मावत नव्हतं. शेवटी बांध फुटला.

"अगं ए, किती वेळा सांगायचं? म्हणजे सांगितलं नाही मी, पण कळायला नको? बटण कोण बंद करणार, टेलिफोन खातं? लाइटचं बिल बघितलंस का? परवा पण तेच, ओला टॉवेल खुर्चीवर! खुर्ची काय वाळत घालायला ठेवलीय का मी?"

होआने ऐकून घेतलं. मग चंद्रभागाबाईंच्या पद्धतीने कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काकू, गीझर तुम्हीच चालू ठेवला हाय. मी थंड पाण्यानं आंघोळ करती. आणि टॉवेल तुमचा हाय."

कौशल्याबाईंनी टॉवेल पाहिला. त्यांचाच होता.

"बस," त्या म्हणाल्या. "चहा टाकते. आणि 'हाय' नाही म्हणायचं, 'आहे' म्हणायचं. कोणाकडून उचललंस हे?"

तो चहा पावणेदोन तास चालला. मुलीच्या मीटिंगा, टेलिफोन खात्यातल्या साहेबांचे स्वभाव, दा नांगचा समुद्र, आई चादरीच्या चार कोपऱ्यांना घड्या कशा घालते, यजमान शेवटी दवाखान्यात काय म्हणाले, सगळं निघालं. त्यानंतर रोज संध्याकाळी दोन तास ही बैठक होऊ लागली. एकतीस वर्षं कौशल्याबाईंनी फक्त लाइन जोडून दिली होती. या खेपेला पलीकडे त्यांच्यासाठी कोणीतरी होतं. होआचे 'ळ' आणि 'ण' एप्रिलपर्यंत इतके स्वच्छ झाले, की दूधवाला फोनवर तिलाच 'ताई' म्हणून बिलाबद्दल विचारू लागला.

फक्त नोंदवही होती तिथेच होती. एप्रिलच्या शेवटी होआ ती घेऊन दिग्विजय सरांपुढे उभी राहिली.

"सर, दोन तासांवरच अडकलंय सगळं. लोक बोलत नाहीत हो माझ्याशी. म्हणजे बोलतात, पण मराठीत बोलले तरच बोलतात."

सरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. पाया पक्का झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

"मराठीत किती तास झाले?"

"कौशल्याकाकूंशीच एकशे अठरा झाले असतील."

"कौशल्या वाघमारे? आपल्या दहा वर्षांपूर्वीच्या बॅचच्या?" सरांनी नियमावली उघडली आणि नियम सातवर बोट ठेवलं. "हे वाचा. 'इंग्रजी बोलणाऱ्या व्यक्तींशी संभाषण'. व्यक्ती इंग्रजी बोलणारी पाहिजे. वाघमारे बाई इंग्रजी बोलणाऱ्या आहेत. तसं प्रमाणपत्र आम्हीच दिलेलं आहे. आता, त्या त्या वेळी इंग्रजी बोलत असल्या पाहिजेत, असं यात कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"मग झालं तर. तुम्ही नियमाला प्रश्न विचारू नका, त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या. हीच खरी संभाषणकला आहे."

कौशल्याबाईंनी एका बैठकीत एकोणसाठ सह्या केल्या. प्रत्येक सही पूर्ण नावाची, खाली दोन टिंबांसह. विषयाच्या रकान्यात काय लिहायचं ते ठरेना, तेव्हा त्यांनी सगळीकडे 'सर्वसाधारण' असं लिहिलं.

तोंडी परीक्षा मे महिन्यात लेखी झाली. पूर्वी ती तोंडीच होत असे; पण परीक्षार्थी काय बोलला याचा पुरावा राहत नसे, शिवाय परीक्षकांना इंग्रजी यावं लागत असे. या दोन्ही अडचणी दूर करण्यात आल्या होत्या. उत्तरपत्रिकेवर छापलं होतं : 'परीक्षा दालनात बोलताना आढळल्यास परीक्षार्थीस संभाषणात अनुत्तीर्ण करण्यात येईल.' होआने संवाद क्रमांक चौदा प्रश्नचिन्हासह लिहिला. शंभरपैकी ब्याण्णव गुण मिळाले. आठ गुण समासासाठी गेले.

अकॅडमीने तिचा सत्कार केला. प्रमुख पाहुण्यांनी इंग्रजी ही जगाची खिडकी असून ती प्रत्येकाने उघडली पाहिजे, असं चाळीस मिनिटं मराठीत सांगितलं. होआला शाल आणि नारळ मिळाला. ती उभी राहिली आणि कागद न घेता बोलू लागली : काकूंच्या चहाबद्दल, चंद्रभागाबाईंच्या तोंडाळपणाबद्दल, आईच्या हातांना साबणाने पडलेल्या भेगांबद्दल. पुढच्या रांगेत कौशल्याबाई पदराने डोळे टिपत होत्या.

"इंग्रजीत," सर मागून कुजबुजले. "फोटो चाललेत. इंग्रजीत बोला!"

होआ थांबली. मग स्वच्छ आवाजात म्हणाली, "एक्स्क्यूज मी सर, व्हेन डझ द नेक्स्ट ट्रेन टु सोलापूर लीव्ह?"

टाळ्यांचा कडकडाट तिच्या संपूर्ण मराठी भाषणापेक्षा जास्त वेळ चालला. पुढच्या आठवड्यात बुधवार पेठेत तिचा फ्लेक्स लागला : 'इंग्रजी शिकायला परदेशातून विद्यार्थी आमच्याकडे येतात. तुम्ही कधी येणार?' अकॅडमीला दोन नव्या बॅच सुरू कराव्या लागल्या. दोन्हींत बोलण्यास मनाई होती.

हॉटेलच्या मालकांनी फोनवर मुलाखत घेतली. इंग्रजीत काहीतरी बोलून दाखव, असं सांगितल्यावर होआने पुन्हा सोलापूरच्या गाडीची चौकशी केली. मालकांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. त्यावरून इंग्रजी अस्सल असल्याची त्यांची खात्री पटली. एकतीस मे रोजी पुतणी खुर्चीवरून उठली. आईने त्या रात्री घरी येऊन लेकीच्या गणवेशाला स्वतः इस्त्री केली.

पुढचे पाच महिने सुखाचे गेले. मग नोव्हेंबरात पुण्याहून एकेचाळीस जणांची सहल आली.

लोक बसमधून उतरून स्वागतकक्षात गोळा झाले. त्यांचे ज्येष्ठ सभासद महिपतराव, एका सरकारी खात्याचे निवृत्त उपसंचालक, मागे वळून पत्नीला म्हणाले, "चहाचं विचार गं त्या चपट्या नाकाच्या मुलीला. पण हिला काय कळणार!"

"कळतं, काका," होआ हसून म्हणाली. "चहा तयार आहे. आलं घालून केलाय. सामान तिकडे डावीकडे ठेवा, आणि नाश्ता सात ते दहा. दहा वाजून एक मिनिटाने आलात तर मिळणार नाही."

चाळीस माना एकदम तिच्याकडे वळल्या. महिपतराव सावरले. त्यांनी घसा साफ केला.

"विदाउट शुगर," ते म्हणाले.

"बिनसाखरेचा. बरं. अजून कोणाला?"

"माय वाइफ ऑल्सो."

"काकूंनाही बिनसाखरेचा. खोली कितव्या मजल्यावर हवी, काका?"

"सेकंड. थँक यू. युअर मराठी इज व्हेरी गुड."

एकेक जण पुढे येऊन तिच्या मराठीची इंग्रजीत तारीफ करून गेला. सगळ्यात शेवटी, गळ्यात पासपोर्टची पिशवी अडकवलेल्या, दमलेल्या एक बाई आत आल्या. होआ टेबलाला वळसा घालून धावत पुढे गेली.

"काकू! अहो काकू, कळवायचं नाही का? आईला बोलावते थांबा, ती चौथ्या मजल्यावर आहे. किती वाळलात हो!"

कौशल्याबाईंचा चेहरा उजळला. मग त्यांनी बाजूला पाहिलं. चार दिवस विमानतळांवर सगळ्यांचे फॉर्म त्यांनी भरून दिले होते. सहलीत त्या 'इंग्रजीवाल्या वाघमारे मॅडम' होत्या. चाळीस जण त्यांच्याकडे पाहत होते.

"गुड मॉर्निंग," कौशल्याबाई म्हणाल्या. थोडा विचार करून म्हणाल्या, "टी?"

"हो, काकू," होआ म्हणाली. "आणते."

तीन दिवसांत सहलीची फार पंचाईत झाली. परदेशात मराठी माणसाला एक मोठी सोय असते : समोरच्याबद्दल समोरच्यासमोर बोलता येतं. ती या मुलीने कोणाचीही परवानगी न घेता काढून टाकली होती. लिफ्टमध्ये गप्प उभं राहावं लागे. जेवणाला नावं ठेवायला बाहेर फुटपाथवर जावं लागे. त्यातच तिने खोल्यांमध्ये मराठी पाट्या लावल्या होत्या : 'टॉवेल हॉटेलचे आहेत. आठवण म्हणून छायाचित्र न्यावे.'

"एवढे लाख दीड लाख भरून आलो ते मराठी ऐकायला?" महिपतरावांनी बसमध्ये विचारलं. "परदेशात आल्यासारखं वाटतच नाही. माझी तर सूनसुद्धा घरी माझ्याशी इतकं मराठी बोलत नाही."

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म भरला गेला. शब्द महिपतरावांचे, इंग्रजी कौशल्याबाईंचं : स्वागतकक्षातली मुलगी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलत नाही, त्यामुळे संवाद साधण्यात अडचण आली. खाली एकेचाळीस सह्या होत्या. होआने त्या एकेक करून वाचल्या. एकेचाळिसावी पूर्ण नावाची होती, खाली दोन टिंबांसह. ती ओळखायला तिला वेळ लागला नाही. एकोणसाठ वेळा पाहिलेली होती.

मालकांनी न रागावता निर्णय दिला. खुर्चीवर तूर्त पुतणी बसेल. होआने पुण्याला जाऊन संभाषणाचं प्रमाणपत्र नव्याने आणावं. मुदत एक जून. नाहीतर चौथ्या मजल्यावर आईला मदतनीस हवीच आहे. मंडळानेही दरम्यान नियम सात सुधारला होता. काही परीक्षार्थी पळवाट काढत असल्याचं निदर्शनास आल्यामुळे नोंदवहीत 'माध्यम' हा नवा रकाना घातला होता.

मागच्या महिन्यात होआ मुंबईहून येणाऱ्या बसमधून स्वारगेटला उतरली. सकाळचे साडेआठ वाजले होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कोरी निळी नोंदवही. समोर एक सभ्य, सुशिक्षित, मराठी वाचनाची आवड असलेली व्यक्ती उभी होती. होआने विचारलं, "अहो, जरा ऐकता का? बुधवार पेठेला जायला बस कुठे मिळेल?"

ती व्यक्ती म्हणजे तुम्ही. तुम्हाला आठवत नसेल, घाईत होता. पण प्रश्न मराठीत होता, बुधवार पेठ तुम्हाला पाठ आहे, आणि मराठी भाषेचं पुढे कसं होणार याबद्दल आदल्याच रात्री तुम्ही एका ग्रुपवर काळजी व्यक्त केली होती. तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "गो स्ट्रेट. देन आस्क समबडी."

मग तिने वही पुढे केली आणि तुम्ही सही केलीत. त्याबद्दल ती तुमची आभारी आहे. दिनांक, वेळ, नाव, सगळं व्यवस्थित आहे. विषय : रस्ता. माध्यम : इंग्रजी. कालावधी : अकरा सेकंद.

आता फक्त एकशे एकोणीस तास, एकोणसाठ मिनिटं आणि एकोणपन्नास सेकंद उरले आहेत.